अंगणातलं मोरेत्लवा

ओतेंग गुरांच्या वाड्यावरून कायमचा घरी आला तेव्हा त्याच्याजवळ एक घोंगडी, एक काठी आणि दुखरा गुडघा एवढंच होतं. चाळीस वर्षं त्यानं दुसऱ्याची गुरं राखली. मालकाचा वाडा गावापासून दोन दिवसांच्या वाटेवर, पश्चिमेच्या वाळूत होता. तिथल्या गाई, शेळ्या, दूध, विहीर, एवढंच काय, झोपायची झोपडीसुद्धा मालकाची. वर्षातून चार-पाच वेळा ओतेंग घरी यायचा, तीन-चार दिवस राहायचा आणि परत जायचा. पोरं त्याच्या माघारीच वाढली. थोरल्याचं नाव थुसो, म्हणून गाव ओतेंगला रा-थुसो, म्हणजे थुसोचा बाप, म्हणू लागलं आणि त्याच्या बायकोला मा-थुसो, थुसोची आई.

घर मा-थुसोनं उभं केलं होतं. भिंतीची माती तिनं मळली, पत्रे तिनं दारू गाळून विकून आणले. अंगण तर तिचं राज्यच. रोज पहाटे ती गवताची आखूड केरसुणी घेऊन कमरेत वाकायची आणि फाटकापासून मागच्या कुंपणापर्यंत सगळी जमीन लखलखीत करून टाकायची. मातीवर केरसुणीच्या पंखासारख्या रेघा उमटल्या की मगच चूल पेटायची. हे एकट्या तिचंच वेड नव्हतं. त्या गावात ज्या बाईच्या अंगणात हिरवं पातं दिसलं ती बाई आळशी, हे ठरलेलं. गवत आलं की साप येतो, आणि सापाच्या आधी शेजारणी येतात. रानानं रानात राहावं.

त्या अंगणात ओतेंग पाहुण्यासारखा वावरायला लागला. पहिल्या दिवशी त्यानं लाकडी खुर्ची चुलीजवळच्या सावलीत ठेवली.

"तिथं नको बसूस," मा-थुसो म्हणाली, "तिथं मी ज्वारी वाळत घालते."

त्यानं खुर्ची उचलून भिंतीशी ठेवली.

"तिथंही नको. तिथून मी ये-जा करते."

शेवटी तो फाटकाबाहेर जाऊन बसला. जाणारे-येणारे विचारायचे, "काय रा-थुसो, कुणाची वाट बघताय?" तो म्हणायचा, "कुणाची नाही. बसलोय."

तिसऱ्या महिन्यात त्यानं बायकोपाशी एक कोपरा मागितला.

"कशाला?"

"मोरेत्लवा लावीन म्हणतो."

मा-थुसो हातातली पळी तशीच धरून त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग इतकी हसली की शेजारची मा-तिरो कुंपणावरून डोकावली. "काय झालं ग?"

"अग, आमच्या रा-थुसोला अंगणात मोरेत्लवा लावायचंय!"

"अगबाई! मग काय, पुढच्या वर्षी कोल्हा बांधणार का दारात?"

मोरेत्लवा म्हणजे फालशाच्या कुळातलं झुडूप. पुरुषभर उंच, पानं राखाडी, फुलं पिवळी. फळ वाटाण्याएवढं, तांबूस, आत बीच जास्त. पश्चिमेच्या रानात ते मैलोगणती माजलेलं असतं. ते कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही. फळं पिकली की बाया-पोरं पिशव्या घेऊन निघतात, वाळवून ठेवतात, ताकात-दह्यात भिजवून खातात, दारू गाळतात. पण गावाजवळचं रान आता उरलं नव्हतं. कुंपणाला, सरपणाला, नव्या घरांना जागा करायला लोकांनी ते साफ केलं होतं. मोरेत्लवाला आता गाडी करून जावं लागे, आणि ओतेंगचा गुडघा गाडीत चढूही देत नव्हता.

त्याला ते कशाला हवं होतं, हे तो कुणाला सांगू शकला नसता. बोलणं हे त्याचं कामच नव्हतं. चाळीस वर्षं त्याच्याशी गुरंच बोलत आली. पण मनातली गोष्ट साधी होती. वाड्यावरचं सगळं मालकाचं असलं तरी मोरेत्लवा कुणाचंच नव्हतं. म्हणून दर फेब्रुवारीत घरी येताना तो कातडी पिशवी भरून मोरेत्लवा आणायचा आणि चुलीपाशी, मा-थुसोच्या पायांजवळ, काही न बोलता ठेवून द्यायचा. त्याच्याकडून त्या घरात येणारं, अगदी त्याचं स्वतःचं असं तेवढंच होतं. आता तो कायमचा घरी आला होता आणि तीन महिन्यांत त्यानं काहीच आणलं नव्हतं.

मा-थुसोनं कोपरा दिला. संडासाच्या मागचा, घोंगडीएवढा. "तिथं काय ते कर. पण साप निघाला तर तूच पकडायचा."

पहिल्या वर्षी त्यानं बाजारातली वाळकी फळं घेऊन पेरली. एकही उगवलं नाही. दुसऱ्या वर्षी गुडघ्याला चिंधी बांधून, कुणाच्यातरी गाढवगाडीत बसून रानात गेला आणि कमरेएवढं झुडूप खणून आणलं. त्याचं मूळ एवढं खोल होतं की अर्धं तिथंच तुटलं. दहा दिवसांत पानं गळली, पंधरा दिवसांत काठी झाली. मा-थुसोनं त्या काठीनं कोंबड्या हाकल्या.

"रानातलं जनावर आणि रानातलं झाड," मा-तिरो म्हणाली, "घरात आणलं की रुसतंच."

"तू पण लग्न होऊन आलीस तेव्हा रुसली होतीस," मा-थुसो म्हणाली. "तू कुठं मेलीस?" नवऱ्याची टिंगल करण्याचा हक्क ती दुसऱ्या कुणाला देत नसे.

तिसऱ्या वर्षी, भिंतीला टेकून बसलेला असताना, ओतेंगला वाड्यावरची एक गोष्ट आठवली. मोरेत्लवा कुठं जास्त उगवतं? झुडपाखाली नाही. उगवतं ते शेळ्यांच्या जुन्या वाड्यात, जिथून शेळ्या हलवल्या त्या जागी. दिवसभर शेळ्या फळं खातात, रात्री रवंथ करताना टणक बिया थुंकून टाकतात. सकाळी शेळी उठली की तिच्या तोंडापुढं मूठभर स्वच्छ, पांढरट बिया पडलेल्या असतात. चाळीस वर्षं रोज पाहिलेली गोष्ट त्याला तीन वर्षांनी सुचली, याचीच त्याला लाज वाटली.

मालकाचा मुलगा पिकअप घेऊन वाड्यावर निघाला होता. ओतेंग मागच्या हौद्यात मिठाच्या पोत्यांवर बसून गेला. नव्या गुराख्यानं त्याला दूध पाजलं आणि पहाटे तो शेळ्यांच्या वाड्यात गुडघ्यांवर रांगत होता. नवा गुराखी हसत म्हणाला, "रा, काही हरवलं का?"

"नाही. सापडतंय."

चहाची एक डबी भरली. त्यानं त्या बिया कोपऱ्यात शेणखतात पेरल्या, वर राख टाकली, आणि नोव्हेंबरात, त्या मुलखातला पावसाळा लागल्यावर, रोज सकाळी मा-थुसोची केरसुणी संडासापर्यंत यायच्या आधी तिथं जाऊन उभा राहू लागला. "एवढं सोड," तो म्हणायचा. ती सोडायची. तिला सवयच झाली. हात आपोआप तिथून वळायचा. त्यामुळे त्यानं कुंपण म्हणून एक काडीही रोवली नाही.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रोपं वर आली. करंगळीच्या पेराएवढी, दोन-दोन पानांची. त्यानं मोजली. सतरा. मा-थुसोही बघून गेली, पण "हं" शिवाय काही बोलली नाही.

त्याच महिन्यात थुसोचं लग्न झालं. मुलगी पश्चिमेकडची, वाळूतल्या एका लहान गावची. नाव सेगो. दोन दिवस अंगणात तंबू होता, तीन पायांच्या काळ्या हंड्यांत मांस शिजत होतं, बाया ओरडून ओरडून गात होत्या. ओतेंग दोन्ही दिवस कोपऱ्यापाशी खुर्ची टाकून बसला होता. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला गर्दी सोसत नाही. खरं तर तो रोपं तुडवली जाऊ नयेत म्हणून राखणीला बसला होता. गुरं राखणं आणि हे, त्याला फारसा फरक वाटला नाही.

तिसऱ्या दिवशी तंबू उतरला, पाहुणे गेले. मागे राहिली फक्त थुसोची आत्या गालेबोए. ही ओतेंगची थोरली बहीण. घरात नवी सून आली की आठवडाभर राहून तिला पारखायचं, हे काम त्या कुळात गालेबोएचं. ती मारकुटी नव्हती, शिव्याही देत नसे. तिचं हत्यार वेगळं होतं. सुनेकडून पहिल्या आठवड्यात जी चूक होईल तिच्यावरून ती नाव ठेवायची, आणि ते नाव चिकटायचं. एका पुतणसुनेच्या हातून पहिल्या दिवशी घागर फुटली. तीस वर्षं झाली, तिला नातवंडं झाली, तरी मयतीच्या घरीसुद्धा तिची ओळख 'घागरफोडी' हीच. तिच्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हाही कुणीतरी विचारलं, "ही घागरफोडीची ना?" ती बाई त्या दिवशी घरी येऊन किती रडली ते ओतेंगनं पाहिलं होतं.

सेगोला हे माहेरीच सांगून पाठवलं होतं. सगळ्यांच्या आधी ऊठ. अंगण असं झाड की बोलायला जागा राहू नये. विचारल्याशिवाय बोलू नकोस.

चौथ्या दिवशी ओतेंग उजाडता उजाडता बाहेर आला, आणि थांबला. अंगण झाडून झालं होतं. मा-थुसोनंही कधी झाडलं नसेल असं. फाटकापासून मागच्या कुंपणापर्यंत पंखासारख्या रेघा, एकात एक गुंतलेल्या. संडासाच्या मागेसुद्धा. तिथं तर कुदळीनं खरवडून, सपाट करून, वरून केरसुणी फिरवली होती. घोंगडीएवढ्या जागेवर एक पान नव्हतं.

नव्या सुनेच्या रीतीप्रमाणे खांद्यावर लहान घोंगडी घेतलेली, डोक्याला रुमाल बांधलेली सेगो चुलीपाशी वाकून फुंकर घालत होती. त्याला पाहून तिनं गुडघा टेकला. "नीट झोप झाली का, रा?"

"झाली," तो म्हणाला.

  तेवढ्यात गालेबोए दारात आली. जांभई देता देता तिची नजर सगळीकडे फिरली आणि कोपऱ्यावर अडली. लग्नाच्या दिवशी ओतेंगनं तिला ती रोपं मोठ्या कौतुकानं दाखवली होती.

"ओतेंग. तुझी ती पोरं कुठं गेली रे? सतरा ना?"

चुलीपाशी फुंकर थांबली.

ओतेंगनं आयुष्यात फार थोड्या थापा मारल्या होत्या, कारण थापेला बोलावं लागतं. पण त्या क्षणी त्याच्या डोळ्यांपुढं घागरफोडी उभी राहिली.

"शेळीनं खाल्ली," तो म्हणाला.

"कुणाच्या?"

आता गावात मोकळी फिरणारी शेळी एकच होती. "मा-तिरोच्या," तो म्हणाला, आणि म्हणताच त्याला कळलं की हे चुकलं.

चहा होईपर्यंत बातमी कुंपण ओलांडून गेली. चहा प्यायच्या आत मा-तिरो फाटकातून आत आली. तिच्या एका हातात दोरी होती, दोरीला एका शिंगाची काळी शेळी होती.

"कोण म्हणतं हिनं खाल्लं?" ती गरजली. "लग्नाच्या पाहुण्यांनी कापू नये म्हणून पाच दिवस मी हिला घरात बांधून ठेवलीय! माझ्या खाटेखाली झोपते ही! रा-थुसो, हिच्या तोंडाकडे बघून सांगा!"

ओतेंगनं शेळीच्या तोंडाकडे बघितलं. शेळी त्याची बाही चघळायला लागली.

"दुसरी असेल," तो पुटपुटला.

"दुसरी कुठली? आणि खाल्लं तर खुरं उमटली असती! हे बघा, हे काय शेळीनं झाडून काढलंय? माझी शेळी हुशार आहे, पण केरसुणी नाही धरत!"

गालेबोए सावकाश उठली. कोपऱ्यापर्यंत गेली, वाकली, कुदळीची धार लागलेली माती चिमटीत घेऊन पाहिली. मग ती वळली आणि चुलीकडे बघायला लागली. बोलायची तिला घाई नव्हती.

सेगो उठली. ती तिथं आली, सगळ्यांसमोर दोन्ही गुडघे टेकले, आणि तिला कुणी विचारलं नसतानाही बोलली. आवाज इतका बारीक होता की ऐकण्यासाठी मा-तिरोला शेळीचं तोंड आवळून धरावं लागलं.

"शेळीनं नाही. मी खरवडलं. अंधुक होतं. मला गवत वाटलं." मग ती ओतेंगकडे वळली. "उजेड असता तरी उपटलं असतं, रा. आमच्याकडे मोरेत्लवा कुंपणाबाहेर सगळीकडे आहे. ते कुणी अंगणात लावलं असेल, असं मनातच आलं नसतं."

"तिनं अंगण झाडलं," ओतेंग घाईघाईनं म्हणाला. "झाडायचंच असतं. चूक माझी. मी काडीसुद्धा रोवली नव्हती." एका दमात एवढं तो वर्षभरात बोलला नव्हता.

"चूक कुणाची का असेना," गालेबोए म्हणाली, "पहिल्या आठवड्यात सासऱ्याचं पीक मुळासकट काढलं. हिचं नाव तर आपोआपच—"

"थांब, गालेबोए," मा-थुसो म्हणाली.

ती इतका वेळ चुलीपाशी चहा ओतत होती. आता ती पदर खोचल्यासारखी घोंगडी कमरेला आवळत पुढं आली.

"सून माझी आहे. नाव मी ठेवणार. आजपासून ही मा-मोरेत्लवा." गालेबोएच्या तोंडाकडे पाहून ती पुढं म्हणाली, "ज्याला हसायचं त्यानं हसून घ्यावं. आणि तू ग, ऊठ. उपटलंस तू, आता जगवशीलही तूच. केर कुठं टाकलास?"

"राखेच्या ढिगावर, मा."

"मग इथं काय गुडघे घासतेस? ऊन चढतंय."

सेगो धावत गेली. तिच्यामागे मा-थुसो, आणि तिच्यामागे, कुणी न बोलावता, शेळी ओढत मा-तिरो. तिघी राखेत बोटं घालून बसल्या. ओतेंग लंगडत पोचेपर्यंत त्यांनी नऊ रोपं वेचून ओल्या फडक्यावर ठेवली होती. मा-तिरो वेचता वेचता ओरडतच होती, "आणि माझ्या शेळीची माफी कोण मागणार?"

ओतेंगनं माफी मागितली. मा-तिरोची मागितली, तर ती म्हणाली, माझी नको, तिची. मग त्यानं शेळीच्या डोक्यावर हात ठेवून तिचीही मागितली. गालेबोएसुद्धा हसली, पण तोंड फिरवून.

नऊपैकी पाच रोपं दोन दिवसांत माना टाकून गेली. उरलेली चार दुधाच्या रिकाम्या डब्यांत लावली. दोन जानेवारीच्या उन्हात वाळली. नाव मात्र गावभर झालं. नळावर बाया विचारायच्या, "काय मा-मोरेत्लवा, आज काय उपटलंस?" सेगो घागर डोक्यावर घेऊन सरळ चालत यायची, पण फाटकातून आत आली की तिचे ओठ घट्ट मिटलेले असायचे. डब्यातली दोन्ही मेली असती तर ते नाव घागरफोडीपेक्षाही वाईट ठरलं असतं, हे तिला कळत होतं, आणि ओतेंगलाही.

सून-सासरा एकमेकांशी फारसं बोलत नसत. तशी रीतही नव्हती. पण पहाटे उठल्यावर त्याला डब्यांजवळची माती ओली दिसायची. मग तो दुपारी डबे सावलीत सरकवायचा. संध्याकाळी ते परत उन्हात आलेले असायचे. जून महिन्यात, तिकडच्या ऐन हिवाळ्यात, हिव पडलं, सकाळी नळाखालच्या बादलीत बर्फ असायचा. एका डब्यावर पोतं पांघरायला तो विसरला, आणि त्यातलं रोप काळं पडलं. त्या दिवशी तो जेवला नाही. सेगोनं ताट परत नेलं नाही. झाकून त्याच्या खुर्चीपाशीच ठेवलं, आणि उरलेला एक डबा उचलून स्वतःच्या खोलीत नेला.

पावसाळ्यात ते एकच रोप कोपऱ्यात लागलं. या वेळी ओतेंगनं त्याच्याभोवती दगडांचं कडं केलं आणि मा-थुसोनं ते दगड भिंतीबरोबर चुन्यानं रंगवून टाकले. रोज पहाटे केरसुणीच्या रेघा दगडांपर्यंत यायच्या आणि वळसा घालून पुढं जायच्या. सापाबद्दल कुणी काही बोललं नाही.

चार वर्षं गेली. सेगोला मुलगी झाली, तेव्हा रीतीप्रमाणे तिला मुलीच्या नावावरून हाक मारायला हवी होती, पण गावाच्या जिभेला मा-मोरेत्लवाच बसलं होतं. झुडूप सासऱ्याच्या छातीला लागलं. चौथ्या नोव्हेंबरात पिवळी फुलं आली, आणि फेब्रुवारीत एका सकाळी सेगो पितळी वाटी घेऊन ओतेंगपुढं आली. वाटीत तांबूस फळं होती. मूठभरही नव्हती.

"चाखा, रा."

त्यानं एक तोंडात टाकलं. बराच वेळ चघळलं, बी जिभेवर फिरवली.

"अजून दोन दिवस हवे होते," तो म्हणाला.

"मा-तिरोची शेळी कुंपणातून मान घालते रोज," सेगो म्हणाली. "दोन दिवसांनी तिनं खरंच खाल्ली असती."

ओतेंग हसला. हसतच काठी टेकून उठला, वाटी तिच्या हातातून घेतली आणि चुलीकडे गेला. मा-थुसो लापशी ढवळत होती. त्यानं वाकून वाटी तिच्या पायांजवळ ठेवली, पूर्वी पिशवी ठेवायचा तशी, काही न बोलता.

मा-थुसोनं वाटीत पाहिलं.

"एवढीच?" ती म्हणाली. "पिशवीभर आणायचास."

"झुडूप लहान आहे."

तिनं पळी हंड्याच्या काठावर ठेवली. आदल्या दिवशी ज्वारी वाळत घातली होती तिथली चटई पायानं बाजूला सारली.

"खुर्ची आण तुझी," ती म्हणाली. "इथं बस."